पाठीवरची चेन

सित्रा बेटावर, तेलाच्या टाक्यांना लागून आमचा कॅम्प.
खोलीत सहा पलंग, एक टीव्ही,
आणि वर्कीच्या दुकानातून आठवड्याला दोन कॅसेटी.
शुक्रवारी हिंदी सगळ्या गेलेल्या असायच्या.
उरायचा तो:
समुद्रातून उठणारा, खवल्यांचा, डोंगराएवढा, जपानी.
बोलणं जपानी, खाली अक्षरं अरबी,
आम्ही वेंगुर्ला, देवरुख, मुरुडचे.
पण विजेचे खांब मोडायला भाषा लागत नाही.

हसायचो. अंतोन ओरडायचा,
"पाठीवर बघ, चेन आहे, चेन!"
आणि खरंच, शेपटी वळली की
शिवणीच्या कडेला काहीतरी चमकायचं.
पुठ्ठ्याचं शहर, काडेपेटीएवढ्या मोटारी,
पळणाऱ्या गर्दीत एक जण हसताना सापडलेला,
दर वेळी त्याच जागी.
एवढं सगळं मोडून तो शेवटी समुद्रात परत जायचा.
यासीन म्हणायचा, बरं आहे याचं,
आपलं तिकीट कंपनी दोन वर्षांनी काढते.

शटडाऊनला मोरितासान आला, बॉयलरचा माणूस.
जेवणाच्या सुट्टीत मी मोडक्यातोडक्या भाषेत विचारलं.
बराच वेळ भात चिवडत राहिला. मग म्हणाला,
आत माणूस असतो.
दिव्यांच्या झोतात रबराचं ओझं,
दहा मिनिटांत डोळ्यांपुढे अंधारी,
सूट काढला की पायातून घाम ओततात, पेलाभर.
आणि तो आवाज?
जाड तंतुवाद्याच्या तारेवर
राळ लावलेला चामडी हातमोजा ओढायचा.
पहिल्यांदा, चोपन्न साली, कोणी हसलं नव्हतं.
त्याच वर्षी एका मासेमारी बोटीवर पांढरी राख पडली होती,
आणि थेटरात बसलेल्यांची घरं
नऊ वर्षांमागे खरीच जळली होती.
"माझी आई मध्येच उठून बाहेर आली," म्हणाला,
आणि डब्याचं झाकण लावलं.

मी माझ्याकडे पाहिलं.
गळ्यापासून घोट्यापर्यंत आगीचा सूट,
चेन तेवढी पुढून.
ऑगस्ट. अठ्ठेचाळीस अंश.
बूट काढून उलटा केला,
वाळू आली, आणि वाळूच्या मागून थेंब.
त्या रात्री हातमोजा पलंगाच्या तारेवर ओढून पाहिला.
गंजकी तार, मांजरीएवढी ओरडली.
झोप रे बाबा, यासीन म्हणाला.

मग एक्क्याण्णव.
उत्तरेकडून कुवेतच्या विहिरींचा धूर.
भर दुपारी गाड्यांचे दिवे लागलेले,
दोरीवरचे शर्ट तेलकट, थुंकी काळी.
वीज होती म्हणून अंतोनने तीच कॅसेट लावली.
तो उठला. शहर पेटलं. चेन दिसली.
कोणी काही बोललं नाही.
अंतोनने टीव्ही बंद केला नाही, आवाज मात्र कमी केला,
शेजारी कोणी आजारी असावं तसा.

नातू हल्ली नवे दाखवतो.
आजोबा, बघा ना, खवलं न् खवलं हलतंय.
भारीच आहे, म्हणतो मी.
पण शेपटी वळली की नजर पाठीवर जाते,
आणि तिथे कोणी नसतं.
नातू म्हणतो, तुम्ही काय शोधताय?

माझी शेवटची दोन वर्षं मनाम्यात गेली,
एका टॉवरवाल्या कंपनीच्या ऑफिसात, रात्रपाळीला.
हॉलच्या मधोमध उद्याचं शहर:
बोटाएवढे मनोरे, काडेपेटीहून लहान मोटारी,
पाण्याच्या जागी निळा चकचकीत रंग.
काच उचलून मऊ फडक्यानं धूळ पुसायची, श्वास धरून.
सित्राचा किनारा होता कोपऱ्यात.
आमचा कॅम्प शोधला.
तिथे हिरवळ चिकटवलेली,
आणि तांदळाच्या दाण्याएवढा एक कुत्रा.

नीट दिसावं म्हणून वाकलो,
कोपर समुद्रात टेकलं,
पंधरा इमारतींवर माझी सावली.
कुत्र्याला धक्का लागू न देता
त्याच्याभोवतीची धूळ टिपली.
दारावरच्या कॅमेऱ्यात
दिसली असेल फक्त पाठ.